हाडांचे काम केवळ शरीराला आधार देण्यापुरतेच असते का?

आपण विचारले आहे की, आधार देण्यापलीकडे हाडे काही करतात का. करतात, आणि पुष्कळ करतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात साधारण 206 हाडे असतात. कवटी मेंदूचे आणि बरगड्या हृदय-फुप्फुसांचे रक्षण करतात, हे सर्वपरिचित आहे. मात्र हाड जिवंत असते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढणारा माणूस वाळूत टाचा रोवून मागे रेलतो, तेव्हा त्याचे स्नायू कंडरांमार्फत, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोरांमार्फत, हाडांना ओढतात, आणि असा ताण वर्षानुवर्षे मिळत राहिला की, जुने हाड विरघळवणाऱ्या व नवे रचणाऱ्या पेशींच्या कामातून त्या जागचे हाड अधिक बळकट होते. शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. रक्तातील त्याचे प्रमाण घटले की गळ्यातील परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींचे संप्रेरक (हार्मोन) हाडांतला साठा मोकळा करते, म्हणून आहारात कॅल्शियम सतत कमी पडल्यास हाडे ठिसूळ होत जातात. नाचणीची भाकरी आणि काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे या दृष्टीने फार मोलाचे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय कंबरेची हाडे, उरोस्थी (छातीच्या मधले हाड) आणि मणके यांतील लाल अस्थिमज्जेत, म्हणजे हाडाच्या आतल्या मऊ गरात, रक्तपेशी तयार होतात.