खुरपणीच्या यंत्रात ‘एआय’ असतं का?

प्रश्न : आमची कांद्याची शेती आहे. खुरपणीला बाया मिळत नाहीत, म्हणून तण काढणाऱ्या यंत्रांचे व्हिडिओ बघत असतो. मुलगी बारावी सायन्सला आहे. मी म्हणतो, कृषी अभियांत्रिकी घे, शेतीतही एआय आलंय. ती म्हणते, ते एआय नव्हेच, नुसती यंत्रं आहेत; मला खरं एआय शिकायचंय. कोणाचं बरोबर? – एक पालक

उत्तर : नमस्कार. बरोबर दोघांचंही आहे, कारण तुम्ही दोघं वेगवेगळ्या यंत्रांबद्दल बोलताय.

डेन्मार्कचा ‘फार्मड्रॉइड’ बघा. सौरऊर्जेवर चालतो, बी स्वतःच पेरतो आणि प्रत्येक बी कुठे पडलं ते उपग्रहाच्या आधारे नोंदवून ठेवतो. पुढे त्या जागा सोडून बाकीची माती हलवतो. पीक कसं दिसतं हे त्याला ठाऊकच नसतं. पीक नसलेल्या मोकळ्या रानात हिरवं दिसलं की तणनाशक फवारणारे सेन्सरही जुनेच. नियम माणसानं लिहिलेला, यंत्र तो पाळतं. इथे लेकीचं खरं.

पण उभ्या पिकात पीकही हिरवं, तणही हिरवं. तिथे नियम तोकडा पडतो. अमेरिकेत ब्लू रिव्हर ही कंपनी 2011मध्ये निघाली. सुरुवातीला लेट्यूस या पालेभाजीची विरळणी करणारं यंत्र त्यांनी बनवलं. 2017मध्ये जॉन डिअरनं ती 30.5 कोटी डॉलरला घेतली. त्यांचा ‘सी अँड स्प्रे’ मका, सोयाबीन, कापसात कॅमेऱ्यानं तण ओळखून तेवढ्यावरच फवारतो. तण ओळखण्याचा नियम त्यात कोणी ओळीओळीनं लिहिलेला नाही. माणसांनी खुणा करून दिलेल्या असंख्य फोटोंवरून यंत्र तो शिकलं. याला मी बिनदिक्कत एआय म्हणेन. इथे तुमचं खरं.

तुमच्याच वाफ्यात वाकून बघा. कांद्याची पात गोल, पोकळ. लव्हाळा या तणाचं पान चपटं, चकचकीत, बुडखा तिकोनी. खुरपणाऱ्या बाईचा अंगठा हे न बघता ओळखतो. पाणी दिल्यावर पात चिखलानं माखली, ऊन तिरपं झालं, की कॅमेरा मात्र गोंधळू शकतो. आणि ओळखून पान जाळलं तरी लव्हाळ्याची गाठ मातीत राहतेच, पुन्हा फुटते. म्हणजे अर्धं काम संगणकाचं, अर्धं मातीचं.

लेकीला एक काम सांगा. सकाळी, भर दुपारी, पाणी दिल्यावर, असे वाफ्याचे दोनशे-तीनशे फोटो मोबाइलवर काढायचे आणि आईला शेजारी बसवून प्रत्येकात कांदा कुठला, तण कुठलं याच्या खुणा करायच्या. अशा खुणा केलेल्या फोटोंवरच ही यंत्रं शिकतात. त्यात ती रमली आणि हे संगणकाला कसं शिकवायचं असं विचारू लागली, तर तिनं कॉम्प्युटरकडे जावं; शाखेच्या नावात ‘एआय’ आहे का यापेक्षा अभ्यासक्रमात संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि प्रोग्रामिंग किती आहे ते बघावं. तिचं लक्ष पात्याकडे, चाकाकडे, मातीकडे गेलं, तर राहुरी, अकोला, परभणीची कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. तिथे एआयचा बराच भाग तिला स्वतःहून शिकावा लागेल, हे आधीच सांगून ठेवा.

गणित गटाची सीईटी दोन्ही वाटांना चालते, तेव्हा आज भांडून ठरवण्याची गरज नाही. फक्त एक विनंती: बाया मिळत नाहीत ही अडचण तुमची आहे, ती सोडवायची जबाबदारी सतरा वर्षांच्या मुलीच्या शाखेवर टाकू नका.