दंडावरची छोटी गांधी

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटरीला कुत्रा चावला, रक्त आलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही दंडांवर थेंबभरच लस वरच्यावर टोचली. पुतण्याला मात्र खासगी दवाखान्यात पूर्ण इंजेक्शन दंडात खोल दिलं होतं. सरकारी म्हणून कमी लस दिली का?
– एक आई, ता. वाई

उत्तर : ताई, पत्रावरची तारीख पाहून आधी तुम्हाला फोनच केला. पण हा प्रश्न मला टेबलासमोर बसलेल्या कित्येक आयांनी विचारलाय, म्हणून इथेही लिहिते.

कमी दिली नाही. रेबीजच्या लसीची कातडीत द्यायची मात्राच प्रत्येक दंडाला ०.१ मिली असते. पहिल्या लसीचा दिवस शून्य धरायचा, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूतली लस जितकं संरक्षण देते, तितकंच हीही देते. कारण आपली कातडी नुसतं पांघरूण नाही. १८६८ मध्ये बर्लिनला शिकणाऱ्या पाउल लँगरहान्सला कातडीत फांद्याफांद्यांच्या पेशी दिसल्या. त्याला वाटलं, या मज्जातंतूंच्या असाव्यात. त्या निघाल्या पहारेकरी! त्यांची भावंडं खालच्या थरात दाटीने असतात. लस आली की ती उचलून काखेतल्या गाठींपर्यंत नेतात आणि तिथल्या लढणाऱ्या पेशींना ओळख पटवून देतात. स्नायूत अशा पेशी विरळ, म्हणून तिथे लस जास्त लागते. बाळाला जन्मल्यावर डाव्या दंडावर देतो ती क्षयाविरुद्धची बीसीजी लस याच थरात जाते, आणि सरकारी लसीकरणातलं पोलिओचं इंजेक्शनही.

काम मात्र हाताचं आहे. सुईचं तिरपं तोंड वर ठेवून, जवळजवळ आडवी धरून, अगदी हळू दाबायचं. डास चावल्यावर उठते तशी पांढुरकी गांधी आली पाहिजे, तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे दिसतात. नाही आली तर लस खोल गेली. तेवढी मात्रा जवळच पुन्हा द्यावी लागते. पोर हललं की असं होतं, म्हणून मी आईला सांगायची, हात घट्ट धरा आणि गांधी स्वतः बघा. तुम्हीही बघा, नाही दिसली तर बिनधास्त विचारा.

मला काळजी वेगळीच वाटली. रक्त आलं होतं, तेव्हा लसीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती रेबीजविरोधी सीरम द्यायलाच हवं. लस काम सुरू करेपर्यंत तेच मुलाला सांभाळतं. पहिल्या लसीला सात दिवस उलटले की ते देऊन उपयोग नसतो. तुमच्या मुलाला ते दिलं नव्हतं. फोनवर ऐकून मी त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात जायला सांगितलं आणि तुम्ही गेलात, बरं झालं. यापुढे कोणालाही चावलं, तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद-चुना नको. आणि अठ्ठाविसावा दिवस आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.