लढाऊ विमाने आणि धातुशास्त्राची शाखा

आदरणीय महोदय,

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आपली फौंड्री आहे. बारावीत शिकणाऱ्या आपल्या कन्येला लढाऊ विमानांच्या विकासात काम करायचे असून, त्यासाठी परगावच्या एका खासगी महाविद्यालयात, मोठे शुल्क भरूनही, एरोनॉटिकल शाखेलाच प्रवेश घ्यावा असा तिचा आग्रह असल्याचे आपण कळवले आहे. देश परदेशातूनच विमाने घेत असेल तर या शिक्षणाचा उपयोग काय, ही आपली शंकाही पत्रात आहे.

आधी शंकेबद्दल. 2007 साली 126 विमानांसाठी काढलेली निविदा अखेर रद्द झाली आणि 2016 मध्ये 36 तयार राफेल विमानांचा करार झाला, हे खरे आहे. परंतु 2021 मध्ये 83 आणि 2025 मध्ये आणखी 97 तेजस मार्क-1ए या देशी लढाऊ विमानांची मागणी हिंदुस्थान एरोनॉटिक्स या आपल्याच सरकारी कंपनीकडे नोंदवली गेली, आणि त्यांच्या जुळणीचे काम नाशिकजवळ ओझरलाही चालते. काम आहे, ते किती सावकाश चालते, हे मात्र मुलीला आत्ताच सांगावे. तेजसचा प्रकल्प 1983 मध्ये मंजूर झाला, पहिले उड्डाण 2001 मध्ये झाले आणि हवाई दलात ते 2016 मध्ये दाखल झाले. एकाच विमानावर सारी नोकरी संपू शकते.

या क्षेत्रातली खरी अडचण इंजिनाची आहे. तेजसला अमेरिकन एफ-404 इंजिन लागते आणि त्याच्या पुरवठ्याला उशीर झाल्याने मार्क-1ए विमानेही रखडली. बंगळूरला विकसित होत असलेले देशी कावेरी इंजिन पुरेसा थ्रस्ट, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारा जोर, देऊ न शकल्याने 2008 मध्ये तेजसपासून वेगळे करण्यात आले. यामागचे कारण आपल्याला इतर पालकांपेक्षा लवकर उमगेल. इंजिनातील टर्बाइनचे, म्हणजे तप्त वायूच्या झोताने फिरणाऱ्या चक्राचे, पाते ज्या वायूत फिरते, त्याचे तापमान पात्याच्या मिश्रधातूच्या वितळणबिंदूहूनही अधिक असते. म्हणून त्यात आतून हवा खेळवणारे बारीक मार्ग ठेवावे लागतात, आणि धातूच्या कणांमधील सीमा उष्णतेत व ताणात दुबळ्या ठरत असल्याने संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे ओतावे लागते. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी पाती तयार केल्याचे 2021 मध्ये जाहीर झाले. बिडाच्या ओतकामाशी याची तुलना होणार नाही, तरी विद्या ओतकामाचीच आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की तिने धातुशास्त्र किंवा मेकॅनिकल ही शाखा प्राधान्याने निवडावी. पुण्याच्या सीओईपी आणि नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थांत धातुशास्त्राची पदवी आहे. घरीच राहायचे असल्यास कोल्हापुरात मेकॅनिकल आहे. पुढे गेट ही अभियांत्रिकीची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देऊन एरोस्पेस अथवा मटेरियल्समध्ये एम.टेक. करता येते, आणि डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेतील सायंटिस्ट-बी या शास्त्रज्ञांच्या सुरुवातीच्या पदांच्या निवडीतही गेटचे गुण धरले जातात. एरोनॉटिकल वाईट नाही. पवनबोगदा (प्रतिकृतीवर वाऱ्याचा झोत सोडून चाचणी घेण्याची सोय) आणि अनुभवी प्राध्यापक नसलेल्या महाविद्यालयातील एरोनॉटिकल मात्र मी टाळेन, कारण तिथली पदवी इतर उद्योगांत फारशी कामी येत नाही.

संबंधित महाविद्यालय जागा राखण्यासाठी आगाऊ रक्कम मागत असेल, तर परताव्याच्या अटी लेखी मिळाल्याशिवाय ती भरू नये.