पगाराची एक तारीख सुटत नाही. धंद्याची मानसिकता कशी तयार करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात ११ वर्षं, हातात ५५ हजार. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, पगार १८ हजार. एक मुलगी, घराचा १९ हजारांचा हप्ता. सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या मशीनवर) सुटे भाग करून द्यायचा धंदा चार वर्षं डोक्यात आहे. दर वर्षी 'दिवाळीचा बोनस घेतला की सोडतो' असं ठरतं आणि दिवाळी झाली की एप्रिलची पगारवाढ दिसायला लागते. हिंमत कशी आणायची?

हिंमत आणू नका. तुमची भीती बऱ्यापैकी बरोबर आहे, फक्त ती एकाच गाठोड्यात बांधलेली आहे. गाठोडं सोडलं की आत तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी निघतात: एक तारखेला पैसे येणार नाहीत, अनोळखी माणसाकडे काम मागावं लागेल, केलेल्या कामाचे पैसे पुन्हा पुन्हा मागावे लागतील, आणि फसलो तर परत कुठे जाणार. यातल्या प्रत्येक गोष्टीची सवय नोकरीत असतानाच लावता येते. 'पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही' असं सांगणारे भेटतील. खरं आहे, पण गावाकडे पोराला विहिरीत सोडताना कमरेला सुका भोपळा बांधतात, तेवढं ते सांगायचं विसरतात.

आधी एक तारीख. घरचा खर्च हप्त्यासकट ४८ हजार धरू. पत्नीचे १८ हजार वजा केले की खड्डा ३० हजारांचा उरतो. म्हणजे तुम्हाला ५५ हजारांची जागा भरायची नाही, ३० हजारांची भरायची आहे. या महिन्यापासून पगार जमा झाला की सगळाच्या सगळा दुसऱ्या बँकेतल्या खात्यात टाका आणि तिथून घरी ३० हजारच आणा, तेही ठरलेल्या तारखेला नाही. कधी ९ तारखेला १० हजार, कधी २३ तारखेला २०. सहा महिन्यांत एकदा तरी मुद्दाम निम्मेच आणा. फक्त हप्त्याच्या खात्यात दोन हप्ते, म्हणजे ३८ हजार, कायम पडून असू द्या. हप्ता बाउन्स झाला की सिबिलवर डाग पडतो आणि पुढे मशीनचं कर्ज मागताना तोच आडवा येतो. या सरावात पैशांपेक्षा घरातलं वातावरण जास्त कळतं. पहिल्या दोन महिन्यांत चिडचिड होते, चौथ्यापर्यंत किराण्याची यादी आपोआप बदलते. चौथ्या महिन्यातही रोज भांडण होत असेल तर राजीनाम्याचा विषय वर्षभर बाजूला ठेवा.

असा महिन्याला २५ हजार शिल्लक पडला की १४ महिन्यांत साडेतीन लाख होतात. ग्रॅच्युइटी वेगळी: शेवटचा बेसिक ३० हजार असेल तर ३०,००० × १५ ÷ २६ × ११ वर्षं, म्हणजे सुमारे १ लाख ९० हजार. दोन्ही मिळून ५ लाख ४० हजार, म्हणजे ३० हजारांचे १८ महिने. हा तुमचा भोपळा. यातला एक रुपयाही धंद्यात घालायचा नाही, 'फक्त पंधरा दिवसांसाठी' सुद्धा नाही.

सहा महिन्यांची शिल्लक पुरते असं बरेच जण सांगतात. तुमच्या धंद्यात नाही पुरत. हिशोब बघा. जानेवारीत चौकशी आली, सॅम्पल फेब्रुवारीत दिलं, गिऱ्हाइकाची तपासणी आणि कागदपत्रं मार्चभर चालली, नियमित माल एप्रिलमध्ये गेला. बिल एप्रिलअखेर, उधारी ६० दिवसांची, पेमेंट त्यानंतरच्या ठरलेल्या दिवशी. म्हणजे जानेवारीत सुरू केलेल्या कामाचा पहिला रुपया जुलैत. तेही सॅम्पल पहिल्या फटक्यात पास झालं तर. लक्ष्मणराव किर्लोस्करांना लोखंडी नांगर तयार झाल्यावर पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली होती. त्याआधीचा सायकलींचा धंदाही त्यांनी मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत असतानाच बेळगावात भावाकडून चालवून पाहिला होता. हे उदाहरण 'नोकरीला लाथ मारली' म्हणून सांगितलं जातं, ते त्यामुळे अर्धंच सांगितलं जातं.

आता मशीनबद्दल, कारण चार वर्षं तुम्ही बहुधा मशीनचीच स्वप्नं बघताय. कागदावर मांडा. मशीन १८ लाखांचं, २५ टक्के स्वतःचे, साडेतेरा लाख कर्ज, ११ टक्क्यांनी पाच वर्षं: हप्ता सुमारे २९,३५०. गाळ्याचं भाडं १५ हजार, ऑपरेटर २०, वीज १०, इन्सर्ट (धातू कापायची पाती) आणि कूलंट (मशीनिंग थंड ठेवणारं द्रव) ८, देखभाल ४, टेम्पो ५, हिशोबनीस अडीच हजार. बेरीज जवळजवळ ९४ हजार. एका शिफ्टमध्ये २६ दिवसांचे २०८ तास, पण सेटिंग, मालाची वाट, वीज जाणं, टूल तुटणं धरून चिप निघते, म्हणजे प्रत्यक्ष धातू कापला जातो, तो १३५ तासच. भागाकार केला की तासाला सुमारे ७०० रुपये खर्च, आणि बाजारात टर्निंगला, म्हणजे भाग फिरवून कापायच्या कामाला, तुम्हाला कोणी तासाला साडेतीनशे दिले तरी खूप. म्हणून भोसरीतले गाळे रात्री अकरालाही चालू दिसतात. दोन मोठ्या शिफ्टमध्ये ४१० तास चिप काढली तर एकूण खर्च १ लाख ४२ हजारांवर जातो, पण तासाचा दर ३४६ वर येतो. तेव्हा कुठे बरोबरी, आणि त्यात तुमचा पगार अजून धरलेलाच नाही. हे आकडे तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला, पण पहिलं काम मिळायच्या आधी मशीन घेऊ नका. घेतलं की ते उपाशी राहू नये म्हणून पडेल त्या दराला काम घ्यावं लागतं.

तुमच्याकडे मशीनपेक्षा दुर्मीळ गोष्ट आहे: माल नीट तपासता येणं. ऑर्डर घ्या, काम रिकाम्या मशीनवाल्याकडून करून घ्या, तपासणी आणि कागदपत्रं स्वतः करा, माल द्या. एक भाग समजा ४२ रुपयांना देताय. कच्चा माल १६, बाहेरचं मशीनिंग १५, डिबरिंग (धारदार कडा साफ करणं), पॅकिंग आणि टेम्पो मिळून ३, रिजेक्शनपोटी २. खर्च ३६, उरले ६. महिन्याला २,००० नग म्हणजे १२ हजार नफा. आता खरी शिकवणी: दर महिन्याला ७२ हजार बाहेर जातात आणि तीन महिन्यांनी परत यायला लागतात, म्हणजे १२ हजारांसाठी दोन लाखांवर रक्कम कायम अडकलेली. ऑर्डर दुप्पट झाली की अडकलेली रक्कमही दुप्पट. कामच नाही म्हणून जसे धंदे बंद पडतात, तसे काम वाढलं आणि पैसा पुरला नाही म्हणूनही पडतात. नोकरदाराच्या डोक्यात हे सहजासहजी बसत नाही, कारण त्याच्यासाठी काम वाढलं म्हणजे ओव्हरटाइम. हे भांडवल वरच्या भोपळ्यापासून वेगळं, आधीच्या बचतीतून उभं करायचं.

जीएसटीही इथेच शिका. मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, पण कंपन्या नोंदणी नसलेल्याकडून सहसा घेत नाहीत. ८४ हजारांच्या बिलावर १८ टक्क्यांनी १५,१२० कर. कच्चा माल आणि मशीनिंगवर भरलेल्या ११,१६० ची वजावट मिळाली तर ३,९६० रोख भरायचे, पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत, गिऱ्हाइकाचा पैसा आलेला नसला तरी. मशीनवाल्याने त्याचं रिटर्न भरलं नाही तर त्याची वजावट जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या टूबी या यादीत दिसत नाही आणि तेवढा भार तुमच्या खिशावर. त्यामुळे काम द्यायच्या आधी त्याची रिटर्न वेळेवर जातात का ते पोर्टलवर बघून घ्या.

आता मागणं. तुमच्यासारख्या माणसाला सगळ्यात जड जाईल ते हेच, कारण आजवर पुरवठादार तुमच्या टेबलासमोर उभे राहत होते. आठवड्याची सुट्टी नाहीतर रजा टाकून महिन्यात चार छोट्या कंपन्यांच्या पर्चेसवाल्यांना भेटा. दर सांगा आणि गप्प बसा. 'जास्त होतंय' हे ते सवयीने म्हणतात. त्यावर घाईने दहा टक्के सोडले तर वरच्या हिशोबात ४ रुपये २० पैसे गेले, हातात राहिला १ रुपया ८० पैसे. दर तोच ठेवून दुसरं काहीतरी मागा: नग वाढवून द्या, कच्चा माल तुम्ही द्या, नाहीतर पेमेंट ३० दिवसांत द्या. दहा भेटींत एखादीच चौकशी मिळाली तरी ठीक. पहिल्या पाच नकारांत पोटात गोळा येतो, पंधराव्यापर्यंत तुम्ही नकाराचं कारण वहीत लिहायला लागता.

वसुलीला 'साहेब, जरा बघा ना' असा फोन करू नका. असा करा: 'बिल नंबर १७, तारीख २८ एप्रिल, जीआरएन झालंय का?' जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्याकडची नोंद. पेमेंट अडकतं ते बऱ्याचदा दानत नसल्यामुळे नाही, तर जीआरएन झालेलं नसतं, पीओवरचा (खरेदीच्या लेखी ऑर्डरवरचा) आणि बिलावरचा दर जुळत नाही, किंवा बिल जीएसटीत दिसत नाही म्हणून. म्हणून पहिला फोन देय तारखेला करायचा नाही, माल पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी करायचा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्याच दिवशी करा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. उत्पादक म्हणून सूक्ष्म किंवा लघु नोंदणी असेल तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. फक्त ट्रेडिंग दाखवलंत तर हा लाभ मिळत नाही. थकलेल्या पैशांसाठी सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पण केली की ते गिऱ्हाईक बहुधा गेलं. त्यापेक्षा फेब्रुवारीत उद्यम प्रमाणपत्राची प्रत त्यांच्या अकाउंट्सला मेल करा. मुदत उलटलेली अशी थकबाकी ३१ मार्चला उरली तर त्यांना तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये फाइल आपोआप हलते.

नोकरीत असताना काय चालतं, तेही बघा. नेमणूक पत्र काढून वाचा. नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात धंदा करू नये ही अट भारतात न्यायालयात सहसा टिकत नाही, पण नोकरीत असताना दुसरा धंदा नको ही अट टिकते. लेखी परवानगी मिळाली तर उत्तम. पत्नीच्या नावावर फर्म काढतात, पण ती खरोखर काम बघणार असेल तरच काढा. आणि सध्याच्या कंपनीची ड्रॉइंग, दरपत्रकं, पुरवठादारांची यादी यांचा मोबाइलवर एक फोटोसुद्धा नको. यातलं काहीच जमत नसेल तर नोकरीत भेटी आणि कोटेशनचा अभ्यासच करा, ऑर्डर राजीनाम्यानंतर घ्या आणि भोपळा १८ ऐवजी २४ महिन्यांचा बांधा.

राजीनाम्याआधीची कामं किरकोळ वाटतात, पण नंतर महाग पडतात. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. घरच्यांचा स्वतंत्र विमा आधीच घ्या, कारण नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून दावा चालत नाही आणि जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. क्रेडिट कार्ड किंवा ओव्हरड्राफ्ट हवा असेल तर पगाराची स्लिप हातात असतानाच घ्या. नंतर बँक दोन-तीन वर्षांची आयकर रिटर्न मागते. पीएफला हात लावू नका, दहा वर्षं पूर्ण झाल्यामुळे ५८ व्या वर्षीच्या पेन्शनचा हक्क तुमच्याकडे आहे. पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या रोजगार योजनेचं अनुदान मिळालं तर घ्या, पण ते तीन वर्षं बँकेतच अडकून असतं आणि फक्त नव्या उद्योगाला मिळतं, त्यामुळे आधी मशीन घेऊन मग अर्ज करणारे बाद होतात.

राजीनाम्याची तारीख ठरवू नका, अट ठरवा: दोन गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा ऑर्डर दिली आणि पहिल्या ऑर्डरचे पैसे खात्यात आले. एकच गिऱ्हाईक असेल तर तुम्ही साहेब बदललाय, नोकरी सोडलेली नाही. आणि एक गोष्ट आधीच मान्य करा: आजवर रिजेक्शनची डेबिट नोट (नाकारलेल्या मालाचे पैसे कापल्याचा कागद) तुम्ही पाठवत होता, आता ती तुमच्या नावाने येईल, आणि माल निवडायला गिऱ्हाइकाच्या दारात तुम्हालाच उभं राहावं लागेल.

शेवटची भीती परत फिरण्याची. ती कमी होते थांबायची रेषा आधी लिहून ठेवली की. पत्नीबरोबर बसून एका कागदावर लिहा: भोपळ्यात १ लाख ८० हजार उरले आणि तोवर दोन नियमित गिऱ्हाइकं नसतील, तर त्या महिन्यापासून नोकरीचे अर्ज सुरू. १ लाख ८० हजार यासाठी, की नोकरी मिळेपर्यंतचे सहा महिने त्यात निघतात. क्वालिटीतला ११ वर्षांचा अनुभव वर्ष-दीड वर्षात शिळा होत नाही, उलट पुरवठादाराची बाजू पाहून आलेला माणूस मुलाखतीत उठून दिसतो. कागदावर दोघांची सही असू द्या, तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता गेला की दोघांनी दहा मिनिटं बसून त्यावर त्या दिवशीची शिल्लक लिहा.