मृणाल गोरे यांच्यासारखी कारकीर्द आज संसारी स्त्रीला शक्य आहे का?

प्रश्नासोबत आपण मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणालताईंबद्दल ‘त्यांना घरचा व्याप नव्हता म्हणून जमले’ असे लिहिले आहे. हेच वाक्य मी आमच्या धाकट्या दिरांकडून वर्षानुवर्षे ऐकत आले आहे आणि ते साफ चुकीचे आहे. १९५८ मध्ये त्यांचे पती केशव गोरे गेले, तेव्हा मृणालताईंच्या पदरी लहान मुलगी होती. राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या युवक संघटनेच्या ओढीने वैद्यकीय शिक्षण तर त्यांनी त्याच्या कितीतरी आधी सोडले होते. म्हणजे पती गेल्यामुळे त्या राजकारणात आल्या, हेही खरे नाही. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या, तेव्हा महिला आरक्षणाचे नावही नव्हते.

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आहे, त्यामुळे उन्हाळ्यातील टँकरबद्दल वेगळे सांगायला नको. सचिव या नात्याने मी टँकरच्या पावत्या आणि नळाला पाणी किती वेळ येते याची नोंदवही घेऊन संबंधित कार्यालयात गेले. सासूबाईंच्या आग्रहाखातर दीर सोबत होते. अधिकाऱ्यांनी वही माझ्या हातून घेतली, प्रश्न मात्र दिरांना विचारले. जोडणी किती इंचांची, टाकी किती लिटरची, यांपैकी त्यांना काहीही ठाऊक नव्हते. ते माझ्याकडे पाहत, मी उत्तर देई आणि अधिकारी दिरांकडे पाहून मान डोलावत. घरी आल्यावर ‘मी होतो म्हणून आत तरी घेतले’ असे दिरांनी ऐकवले.

गोरेगावच्या पाण्यासाठी भांडून ‘पाणीवाली बाई’ झालेल्या मृणालताई कोणाला सोबत घेऊन जात असत? बायकांना. महागाईविरुद्ध कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकर यांच्यासह त्यांनी काढलेल्या, हाती लाटणी घेतलेल्या बायकांच्या लाटणे मोर्चांतील स्त्रिया संसारीच होत्या. आणीबाणीत भूमिगत राहून त्या पुढे तुरुंगात गेल्या आणि १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या, त्यामागे ही फळी होती. म्हणून निवडणुकीचा विचार असेल, तर आधी आपल्या वस्तीतील एका प्रश्नाचे कागद स्वतः जमवावेत आणि कार्यालयात शेजारणींना घेऊन जावे, घरच्या पुरुषाला नव्हे.

अर्थात ठाण्यात बहुसदस्यीय प्रभाग आहेत, म्हणजे एकाच प्रभागातून अनेक नगरसेवक निवडले जातात; एवढ्या मोठ्या प्रभागात पक्षाच्या बळाशिवाय एकटीचा निभाव लागणे कठीण. मृणालताईंच्या मागेही त्या काळच्या समाजवादी पक्षाची संघटना होती. दिरांनी हा मुद्दा काढला असता, तर मला गप्प बसावे लागले असते.