१/५ स्केलच्या आरसी स्पिटफायरचं कॉकपिट घरच्या घरी बनवता येते का?

विचारणाऱ्या भाऊंची अडचण थोडक्यात अशी की १/५ स्केलचं, रिमोटवर उडणारं (आरसी) स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, बनवणं चालू आहे, फ्यूजलाज (विमानाचं धड) उभं झालं, पण कॅनोपीखाली (पायलटच्या डोक्यावरच्या काचेखाली) नुसतं बोगदं दिसते, अन् रेडिमेड कॉकपिट किट बाहेरून मागवायचं तं कुरिअर अन् कस्टम धरून किंमत विमानाच्या वर जाते. तालुक्याच्या गावी राहतो, हॉबी शॉप नाही, मंग काय करावं.

बनते भाऊ, आरामात बनते. मी दारव्ह्याकडचा, मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या सबमर्सिबल अन् पावसाळ्यात, मोटरी जळायच्या कमी झाल्या की, विमानं. त्यामुळे मी जे सांगतो ते वायंडिंगवाल्याच्या टेबलावरून सांगतो, शहरातले लोक वेगळं सामान वापरतात, पण माझ्या मते आपलंच सामान जास्त बरं पडते.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, बाकी सगळं तिच्यावरच आहे. लोकं कॉकपिट म्हटलं की घड्याळं मोजतात, किती डायल, किती स्विच, किती लिव्हर. पण मॉडेल जमिनीवर ठेवलं अन् माणूस दोन हातावरून वाकून पाहते ना, तेव्हा त्याला डायलवरचे आकडे वाचता येत नाहीत, त्याला फक्त सावल्या दिसतात. कोणती वस्तू पुढे आहे, कोणती मागे, खाली अंधार किती आहे, एवढंच. मी असे कॉकपिट पाह्यले की सगळे डायल बरोबर छापलेले, पण एका सपाट पुठ्ठ्यावर चिकटवलेले, अन् ते कॅलेंडरच वाटते. म्हणून पैसा अन् वेळ डेप्थवर घाला, डिटेल मागून आपोआप येते.

स्पिटफायर त्याच्यासाठी एकदम बेस्ट आहे, काहून की खऱ्या स्पिटफायरच्या कॉकपिटला सलग फ्लोअरच नव्हता. पायलटच्या टाचेखाली दोन पट्ट्या, त्या रडर पेडलपर्यंत गेलेल्या, अन् त्यांच्या आजूबाजूला खाली मोकळं, विमानाच्या पोटापर्यंत. बरेच जण तिथे प्लायवूडचा छान सपाट फ्लोअर टाकतात अन् तिथेच मजा जाते. तुम्ही त्या दोन पट्ट्या तेवढ्या द्या, बाकी खाली मॅट काळा मारून सोडून द्या. सर्व्हो (मॉडेलचे भाग हलवणारी छोटी मोटर), बॅटरी वगैरे खाली असेल तं त्याच्यावर काळं कापड ताणा.

कोणतं मार्क, म्हणजे स्पिटफायरची कोणती आवृत्ती, बनवता तेही आधी ठरवा. स्पिटफायर ५ मार्च १९३६ ला पहिल्यांदा उडालं अन् १९४८ पर्यंत बनत राह्यलं, मधात वीस हजारावर विमानं निघाली, त्यामुळे "स्पिटफायरचं कॉकपिट" अशी एकच गोष्ट नाहीच. आपल्या हवाई दलाने मार्क ८, १४ अन् १८ उडवले, आपल्याकडच्या मार्किंगमध्ये करायचं असेल तं त्यातलं एक धरा अन् त्याच मार्कचे फोटो जमा करा, खिचडी करू नका. फोटो पाहतानी एक लक्षात ठेवा की आजकाल उडणारी बहुतेक विमानं नव्याने रिस्टोअर केलेली आहेत. दारावरची ती लालभडक पहार फोटोत लय उठून दिसते, पण लढाईच्या काळात ती आतल्या रंगाचीच असायची. मी लाल करत नाही, तुमची मर्जी.

माप काढणं सोपं आहे, खरं माप भागिले पाच. मोठ्या डायलचा व्यास ८० मिमीच्या आसपास, म्हणजे आपला १६ मिमी. पायलट १७५ सेंमीचा धरला तं ३५ सेंमी. पण फ्यूजलाजच्या आतली रुंदी पुस्तकातून घेऊ नका, तुमच्या मॉडेलच्या फॉर्मरची (आतल्या आडव्या चौकटी) अन् शीटिंगची (वरचं आवरण) जाडी खऱ्या पत्र्यापेक्षा जास्त असते, तिथे जागा खाल्ली जाते. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, आत घालून कापत कापत साचा काढा, अन् त्याच्यावरून पॅनल.

आता पॅनल, इथे थोडं सविस्तर सांगतो. मधोमध सहा डायलचा जो चौकोन असते तो ब्लाइंड फ्लाइंग पॅनल, बाहेर काही दिसत नसतानी फक्त घड्याळं पाहून उडायसाठी. वरच्या ओळीत डावीकडून स्पीड, मधात आर्टिफिशियल होरायझन (विमान किती कललं ते), मंग क्लाइंब (वर-खाली जायचा वेग), अन् खाली अल्टिमीटर (उंची), डायरेक्शन इंडिकेटर (दिशा), टर्न अँड स्लिप (वळण अन् घसरण). त्या काळच्या रॉयल एअर फोर्सच्या बहुतेक विमानांत हाच क्रम, पायलटने विमान बदललं तरी नजर तीच राहावी म्हणून. अन् हा चौकोन मेन पॅनलमध्ये कोरलेला नसते, तो वेगळा तुकडा आहे, इंजिनची थरथर घड्याळांना लागू नये म्हणून रबरावर बसवलेला. तर तुम्हीही तो वेगळाच कापा अन् मागे वॉशर देऊन मेन पॅनलच्या दोनेक मिमी पुढे उचला. एवढ्या एका गोष्टीने चौकोनाभोवती बारीक सावली पडते अन् पॅनल जिवंत होते.

पॅनलसाठी मी १ मिमी हायलम शीट (राळेत दाबलेल्या कागदाचा कडक इन्सुलेशन बोर्ड) वापरतो, स्टार्टर-पॅनल बोर्डवाल्याकडे तुकडे फुकट भेटतात. भोक पाडतानी हायलमच्या कडा उडतात, म्हणून दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये शीट दाबून, क्लॅम्प लावून, स्टेप ड्रिलने हळू पाडा. अन् तोंडाला रुमाल बांधाच, ती भुकटी छातीसाठी चांगली नाही. मागे डायलची प्रिंट, मधात पारदर्शक शीट, म्हणजे शर्टाच्या डब्यावर असते तीही चालते, अन् पुढे काळं केलेलं हायलम. तीन थर झाले, डायल आपोआप मिलिमीटरभर खोल गेला अन् काचेचा झकाका आला. फेव्हिक्विक इथे वापरू नका, त्याच्या वाफेने शीटवर पांढरी बुरशी चढते, कोपऱ्याला फेव्हिकॉलचे ठिपके बस.

डायल कॉम्प्युटरवर मोठे काढा अन् प्रिंट काढतानी लहान करा. फ्लेक्सवाल्याकडे कोरल ड्रॉ असतेच, पण प्रिंट फ्लेक्सवर नाही, फोटो स्टुडिओतून फोटो पेपरवर काढा, मॅट सांगा. आकडे शुभ्र पांढरे ठेवू नका, किंचित पिवळट करा. स्पिटफायरचा स्पीड ताशी मैलात असते, नॉट्समध्ये नाही, बाकीच्या विमानाचे डायल उचलून लावले की जाणकार माणूस तिथेच पकडते.

डायलच्या कडेची रिंग म्हणजे आपल्या वायंडिंगवाल्याचं तं घरचंच काम. १८ नंबरची इनॅमल तार घ्या, डायलच्या मापाच्या रॉडवर स्प्रिंगसारखी जवळजवळ गुंडाळा, मंग उभी कापा, पटापट रिंगा पडतात. तोंड जुळवून चिकटवा अन् काळ्या रंगाने मारा. चार कोपऱ्याचे स्क्रू म्हणजे आलपिनची डोकी, या स्केलला बरोबर बसतात. १/१० वगैरे असतं तं ती मोठी दिसली असती.

वायरिंग अन् पायपिंगसाठी २२ पासून ३० नंबरपर्यंत जी तार असेल ती. जाड ती पाइप, बारीक तारांचा जुडगा म्हणजे हार्नेस, दर दीड-दोन सेंमीवर काळ्या दोऱ्याची गाठ. विणलेली फायबरग्लासची स्लीव्ह, जी आपण मोटरच्या लीडवर (बाहेर येणाऱ्या वायरवर) चढवतो, ती होजसारखीच दिसते, रंगवायचीही गरज नाही. ऑक्सिजनचा नळ करायचा तं जाड तारेवर ३० नंबर तार दाटून गुंडाळा, झाला. एक मात्र पाळा, प्रत्येक तार कुठून तरी निघून कुठे तरी गेली पाह्यजे. मधातच हवेत संपलेली तार लांबूनही खटकते.

सीटबद्दल सांगतानी मला स्वतःलाच मजा येते. बऱ्याच स्पिटफायरचं सीट पत्र्याचं नव्हतंच, राळेत भिजवलेल्या कागदाचे थर दाबून केलेलं, तपकिरी-लालसर रंगाचं, म्हणजे आपल्या हायलमचाच भाऊ. पण हायलम वाकत नाही, गरम केलं तरी नाही, म्हणून सीट हायलम कापून करायच्या भानगडीत पडू नका. लाकडाचा ठोकळा सीटच्या आकाराचा घासा, त्याच्यावर प्लास्टिकची पन्नी ताणा, अन् लेदरॉइड पेपर, जो मोटरच्या स्लॉटमध्ये (तारेच्या खाचेत) इन्सुलेशन म्हणून टाकतो तोच, त्याच्या पट्ट्या पाण्याने नरम करून थर द्या, मधात पातळ अराल्डाइट. दोन-तीन थर बस. वाळलं की काढून काठ घासा, अन् वरून लाल इन्सुलेशन वार्निशचा हात मारा. बापा, रंग काय येते! जे रंगाच्या डब्यातून मिसळून येत नाही ते वार्निशमधून येते. पाठीला काळ्या रेक्झिनची गादी, उभ्या शिलाईची, जुन्या पर्सची पट्टी चालते. बेल्ट सुती नाडीचे करा, सॅटिनची रिबन चमकते, चहाच्या पाण्यात बुडवून मळकट करा.

स्टिक, म्हणजे विमान चालवायचा दांडा, पाहा नीट, तिथे बरेच जण चुकतात. कॉकपिट इतकं अरुंद होतं की पूर्ण दांडा डावी-उजवीकडे हलवायला मांड्या आडव्या आल्या असत्या, म्हणून दांडा मधात सांध्याचा आहे, पुढे-मागे पूर्ण हलते, आजूबाजूला फक्त वरचा भाग, अन् ती हालचाल खाली न्यायला चक्क सायकलसारखी चेन. ती चेन दांड्यावर दिसते. बेंटेक्सच्या दुकानातली सगळ्यात बारीक सपाट साखळी घ्या, ग्रे करा. वरचं गोल हँडल सर्व्हिस वायरच्या अॅल्युमिनियम तारेचं कडं, वरून हीट श्रिंक, अन् त्याच्यावर सायकलच्या ब्रेकसारखी छोटी मूठ, ती ब्रेकचीच आहे. स्टिकच्या पुढे खाली गोल कंपास, त्याला खोकल्याच्या औषधाचं झाकण बेस्ट.

बाजूच्या फ्रेम ३ मिमी सनबोर्डच्या, पट्ट्या कापून. रिव्हेट फेव्हिकॉलचे, इन्सुलिनच्या सुईने ठिपके. फूटपट्टी लावून करा, अंतर वाकडंतिकडं झालं की गावठी दिसते. डाव्या बाजूला थ्रॉटल अन् ट्रिमचं चाक, उजवीकडे चाकं वर-खाली करायचा लिव्हर, फ्लॅपचं छोटं लिव्हर पॅनलवर डावीकडे वर. फ्लॅप (उतरतानी खाली करायचे पंखाच्या मागच्या काठाचे पल्ले) हवेच्या दाबावर चालायचे अन् दोनच पोझिशन, वर नाही तं पूर्ण खाली, म्हणून त्याला मधातल्या खाचा-बिचा देऊ नका.

आतला रंग ग्रे-ग्रीन. रस्त्याकडच्या तुरीवर फुफाटा बसला की पानाचा जो रंग होते, तसा. गाड्यांचे रंग मिसळणारा असतो त्याच्याकडून करून घ्या, पण मॅट सांगा. पॅनल काळं, बाजू ग्रे-ग्रीन. घासलेपणा दाखवायला साधी पेन्सिल, तीही फक्त जिथे बूट अन् हात लागतात तिथे, दाराचा काठ, टाचेच्या पट्ट्या, सीटच्या कडा. सगळीकडे चांदी घासली की भंगारातून आणल्यासारखं होते.

आता वजन. स्पिटफायरचं मॉडेल तसंही शेपटीकडे जड व्हायला टपलेलंच असते, अन् कॉकपिट सीजीच्या (विमानाचा तोल साधते त्या बिंदूच्या) मागे येते, म्हणजे आत जे टाकाल त्याचं उट्टं नाकात शिसं टाकून काढावं लागते. मी पायलट सोडून पाव किलोच्या आत ठेवतो अन् दर आठवड्याला काट्यावर ठेवून पाहतो. म्हणूनच लाकूड, एम-सील, जाड अॅक्रेलिक टाळा, एम-सील तं लय वजन खाते. पूर्ण कॉकपिट एक सुटा डबा म्हणून बांधा, चार स्क्रूवर, म्हणजे रिसीव्हरची वायर निघाली तं तोडफोड करावी लागणार नाही.

अन् आपल्या इकडचा विषय आहे तो उन्हाचा. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाते, त्यात बंद कॅनोपीखाली काळं पॅनल, हॉट ग्लू सरळ नरम पडते अन् सगळं लटकते. स्टिकरचे कोपरे उचलतात. म्हणून आत हॉट ग्लू बिलकुल नको, जिथे जोर आहे तिथे अराल्डाइट अन् छोटा स्क्रू, अन् फील्डवर विमान उभं असतानी कॅनोपीवर पांढरा दुपट्टा टाकत जा.

पायलट घ्यायचा तं बाजारातले बाराइंची बाहुले १/६ चे असतात, तुमच्यात पोरगं बसल्यासारखं दिसेल. कमरेपासून वरचाच करा, थर्माकोलवर कपडा, खालचं कोणी पाहत नाही अन् वजनही वाचते. लेदरॉइड अन् स्लीव्ह तुमच्या गावातल्या वायंडिंगवाल्याकडे मागा, नाही म्हणणार नाही कोणी. नाहीच भेटलं तं इथे कमेंटमध्ये सांगा, माझ्याकडे कापलेले तुकडे पडलेलेच असतात, पोस्टाने टाकून देतो.