आजोबांचा ऑलिम्पस ट्रिप ३५ (रोलचा कॅमेरा) मिळालाय? आधी एवढंच बघ

अरे लॉटरीच लागली की तुला! बॅटरीचा कप्पा शोधत बसू नको, तो नाहीचे. लेन्सभोवतीची ती बुडबुड्यांसारखी काच म्हणजे सेलेनियम सेल, उजेडावरच चालतो. आधी तोच तपास, लेन्सवरची आकड्यांची रिंग ‘ए’वर (म्हणजे ऑटो) ठेव, रोल पुढे सरकवायची लिव्हर ओढ, लेन्सवर तळहात घट्ट धर आणि बटण दाब, व्ह्यूफाइंडरमध्ये लाल झेंडी वर यायला हवी आणि शटर अडायला हवं; मग तळहात काढून उजेडाकडे धरून परत दाब, आता झेंडी न येता शटर उडालं म्हणजे सेल जिवंत. उजेडातही झेंडीच आली किंवा झाकल्यावर आलीच नाही, तर रोलवर पैसे घालवू नको.

नवीन लोकांची रिंग हमखास एफच्या आकड्यांवर राहते. ते आकडे फ्लॅशसाठी, तिथे शटर १/४० वरच अडकतं, मग तलावपाळीवर भर दुपारी काढलेले फोटो पांढरेफटक (माझा अख्खा रोल गेलाय असा).

फोकस अंदाजानेच, फोकसच्या रिंगवरची चित्रं बघून, एक माणूस म्हणजे १ मीटर, डोंगर म्हणजे लांबचं. हे बदलायला विसरशीलच, मी अजून विसरतो.

रोल २०० चा घे, कॅमेऱ्यावरचा एएसए (रोलच्या स्पीडचा आकडा) पण २०० वर लाव. भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची खुंटी फिरते का बघ, नाही फिरली तर रोल पकडलाच नाहीये.

आणि पावसाळ्यात लेदर केसमध्ये ठेवू नको रे, ठाण्यात बुरशी धरतेच, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेव. फ्लॅशचं नंतर बघू.